श्रीलंका फुकटामुळे बुडाली, हे खरे नाही

"असेच फुकट वाटत राहाल, तर आपली श्रीलंका होईल." २०२२ च्या उन्हाळ्यापासून हे वाक्य छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या पुंडलिकनगरात इतक्यांदा कानावर पडले आहे, की आता ते पुराव्याशिवाय खरे मानले जाते. चहाच्या टपरीवर ते ऐकू येते. स्पर्धा परीक्षेची मुले निबंधात ते लिहितात. लाडकी बहीण योजना आल्यापासून तर ते पेन्शनर मंडळींच्या रोजच्या बोलण्यातले झाले आहे. अलीकडे त्याला जोड मिळाली आहे मॉरिशसची. "तेही बेट, हेही बेट. मॉरिशसने कष्ट केले, उद्योग आणले, कुणाला फुकट काही दिले नाही. म्हणून तिथला माणूस सुखात आहे. श्रीलंकेने शाळा फुकट, दवाखाने फुकट, तांदूळ फुकट दिला आणि शेवटी पेट्रोलच्या रांगेत उभी राहिली."

हे म्हणणारी माणसे शिकलेली आहेत आणि त्यांच्या मनात वाईट काही नाही. राज्य कर्जात बुडू नये, एवढीच त्यांची तळमळ आहे आणि ती माझीही आहे. पण ही तुलना मुळापासून चुकलेली आहे आणि तिचा परिणाम आपल्या शाळांवर, दवाखान्यांवर होतो. म्हणून तिचा प्रतिवाद सविस्तर करायला हवा.

ही तुलना टपरीवर जन्मलेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रातल्या काही वरिष्ठ सचिवांनी पंतप्रधानांना राज्यांच्या लोकानुनयी योजनांबद्दल सावध केल्याच्या बातम्या आल्या आणि त्यात श्रीलंकेचा दाखला होता. १६ जुलैला बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी फुकट वाटपासाठी 'रेवडी' हा शब्द वापरला. तीन दिवसांनी श्रीलंकेवरच्या सर्वपक्षीय बैठकीनंतर परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी सांगितलेल्या धड्यांत फुकट वाटपाची सवय नको, हाही एक होता. तिथून हा विचार वर्तमानपत्रांत आला, शिकवणीवर्गांच्या नोट्समध्ये गेला आणि शेवटी आमच्या गल्लीत पोहोचला. वाटेत कुणी मॉरिशसमध्ये नेमके काय घडले, ते पाहिलेच नाही.

मॉरिशसने फुकट काही दिले नाही, हे विधान साफ खोटे आहे. या देशात १९५८ पासून प्रत्येक वृद्ध नागरिकाला, तो गरीब असो वा श्रीमंत, सरकारी पेन्शन मिळते. त्यासाठी नोकरीत असताना एक पैसाही भरलेला असण्याची अट नाही. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत आहे. २००५ पासून विद्यार्थी आणि वृद्ध बसने मोफत प्रवास करतात. २०१९ पासून सरकारी संस्थांमधले पहिल्या पदवीचे शिक्षणही मोफत झाले. सरकारी दवाखान्यात उपचाराला पैसे लागत नाहीत. मोफत गोष्टींची यादी मांडायची झाली, तर ती श्रीलंकेपेक्षा मॉरिशसची लांब निघेल.

आणि हे सगळे देश श्रीमंत झाल्यावर सुरू झालेले नाही. १९६१ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी, ज्यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळाले, मॉरिशसचा अभ्यास करून अत्यंत निराशाजनक निष्कर्ष काढला होता. ऊस सोडला तर दुसरे पीक नाही, लोकसंख्या वेगाने वाढते आहे, वेगवेगळ्या धर्मांचे आणि वंशांचे लोक दाटीवाटीने राहत आहेत. इथे शांततेने विकास होण्याची आशा कमीच, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, त्याच्या दोन महिने आधी पोर्ट लुईमध्ये दंगल होऊन ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले होते. अशा देशाने पेन्शन बंद केली नाही. उलट पुढच्या दहा वर्षांत शाळा मोफत केल्या.

पैसा कुठून आला? साखरेतून आला, पण आपोआप आला नाही. १९७५ च्या लोमे करारामुळे युरोप मॉरिशसची साखर जागतिक बाजारापेक्षा चढ्या भावाने घेऊ लागला. मळ्यांचे मालक मुख्यतः जुनी फ्रेंच घराणी होती. सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर लावला आणि तो १९९४ पर्यंत वसूल केला. म्हणजे मळेवाल्यांना जो चढा भाव मिळाला, त्यातला वाटा तिजोरीत आला आणि तिथून शाळेत, दवाखान्यात गेला. १९७० च्या कायद्याने निर्यातीसाठीच्या कारखान्यांना सवलती दिल्या आणि कापड उद्योग उभा राहिला. पुढे मूल्यवर्धित कर आला. आज त्या देशाचा कर महसूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास १८ ते २० टक्के आहे. टपरीवरच्या चर्चेत नेमका हाच आकडा कधी येत नाही.

आता श्रीलंकेकडे वळू. तिथे मोफत शिक्षण १९४५ पासून आहे. शिक्षणमंत्री कन्नंगरा यांनी ते आणले आणि खेड्यापाड्यांच्या मुलांसाठी मध्यवर्ती विद्यालये उभी केली. सार्वत्रिक मताधिकार तर १९३१ मध्येच आला होता, आपल्याकडच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वीस वर्षे आधी. कळुतारा येथे १९२६ मध्ये पहिले आरोग्य केंद्र सुरू झाले आणि तिथून एक पद्धत देशभर पसरली: ठरलेल्या वस्तीला एक प्रशिक्षित सुईण, जी गरोदर बाईच्या घरी जाते, नोंद ठेवते, बाळंतपणानंतरही जात राहते. शिधावाटप १९४२ मध्ये युद्धकाळात सुरू झाले. १९५३ मध्ये तांदळावरचे अनुदान कमी केले, तेव्हा देशव्यापी हरताळ झाला आणि पंतप्रधान डडली सेनानायके यांना पायउतार व्हावे लागले.

ज्या फुकट तांदळाला आज दोष दिला जातो, त्याचे काय झाले? १९७७ नंतर जयवर्धने सरकारने अर्थव्यवस्था खुली केली आणि १९७९ मध्ये तांदळाचे शिधावाटप थांबवून फक्त गरिबांसाठी शिधाकूपन आणले. देशाने परदेशी कर्ज फेडणार नाही असे जाहीर केले ते १२ एप्रिल २०२२ ला. मधे त्रेचाळीस वर्षे गेली. एवढ्या वर्षांपूर्वी थांबलेल्या तांदळाने देश बुडवला, असे म्हणणाऱ्याने मधल्या काळाचा हिशोब द्यायला हवा. तो मी देतो.

२००७ पासून श्रीलंकेने आंतरराष्ट्रीय बाजारात चढ्या व्याजाचे रोखे काढायला सुरुवात केली. त्या पैशातून आणि इतर कर्जांतून मोठमोठे प्रकल्प झाले. हंबनटोटा बंदराने कमाई दिली नाही आणि २०१७ मध्ये ते चिनी कंपनीला ९९ वर्षांसाठी भाडेपट्ट्याने द्यावे लागले. त्याच भागातल्या मत्तल विमानतळावर विमानेच येईनात. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले आणि पर्यटक घटले. नोव्हेंबरात गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि त्यांनी महिन्याभरात करांना मोठी कात्री लावली. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. आयकराची मर्यादा वाढली, पगारातून होणारी करकपात गेली. हे सगळे उद्योगाला चालना देण्याच्या नावाखाली झाले. लगोलग कोविड आला. २०२१ मध्ये कर महसूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आसपास घसरला. त्याच वर्षी रासायनिक खतांवर एका रात्रीत बंदी आली, भाताचे उत्पादन कोसळले आणि ज्या देशाची भाताची गरज घरातच भागत होती, त्याला तांदूळ आयात करावा लागला. डॉलर संपले. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाई ७० टक्क्यांपर्यंत गेली.

या घटनाक्रमात शाळेतली मोफत पुस्तके कुठे बसतात? सुईणीचा पगार कुठे बसतो? श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल दिला. गोटाबाया, महिंदा आणि बासिल हे तिघे राजपक्षे बंधू आणि त्यांच्या काळातले बडे अधिकारी यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला, आर्थिक संकटाला ते जबाबदार आहेत, असे न्यायालयाने ठरवले. श्रीलंकेच्याच न्यायालयाने दोष कुणाचा ते सांगितले आहे. आपण मात्र इथे बसून तो कळुताराच्या सुईणीवर टाकतो आहोत.

मोफत योजनांवर होणारा खर्च कधीच धोक्याचा नसतो, असे मी म्हणत नाही. कर न घेता खर्च करणे धोक्याचे असते. कर कमी करून मते मिळवणे हेही वाटपच आहे. ते पैसेवाल्यांना होते, म्हणून त्याला कुणी रेवडी म्हणत नाही. २०१९ मध्ये श्रीलंकेने सर्वांत मोठी रेवडी वाटली ती करदात्यांना.

आता सुखाचा प्रश्न. मॉरिशसचे दरडोई उत्पन्न श्रीलंकेच्या अडीच-तीन पट आहे. जागतिक बँकेने २०२० मध्ये त्याला उच्च उत्पन्नाच्या गटात बसवले होते. पुढच्याच वर्षी कोविडच्या फटक्याने तो पुन्हा खाली आला. पण आयुर्मान पाहिले तर श्रीलंकेचे सरासरी ७७ वर्षांच्या आसपास, मॉरिशसचे ७५ च्या आसपास. श्रीलंकेत हजार जन्मांमागे सहाच्या आसपास अर्भके दगावतात, मॉरिशसमध्ये हे प्रमाण दुपटीच्या घरात आहे. मॉरिशसच्या दर पाच प्रौढांपैकी जवळपास एकाला मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये श्रीलंकेला हिवतापमुक्त जाहीर केले; आपण अजून तिथे पोहोचलेलो नाही. एक लाख जन्मांमागे मातामृत्यू श्रीलंकेत तीसच्या आसपास आहेत. भारताचा आकडा २०१८-२० मध्ये ९७ होता. महाराष्ट्राचा होता ३३. ज्यांना श्रीलंकेची भीती वाटते, त्यांनी हा शेवटचा आकडा नीट पाहावा. मातांच्या बाबतीत आपण श्रीलंकेच्या जवळ पोहोचलो आहोत आणि ही अभिमानाची गोष्ट आहे. ती एएनएम ताई आणि आशा ताई यांच्या पायपिटीने झाली आहे.

मग राहायला कोणते बेट बरे? माझे उत्तर मॉरिशस आहे. पण त्याचे कारण टपरीवर सांगतात ते नाही. कारण १९४८ सालात आहे आणि त्यात मराठी माणसांचाही संबंध येतो.

दोन्ही बेटांवर इंग्रजांनी भारतातून मजूर नेले. मॉरिशसला १८३४ पासून करारावर बांधलेले साडेचार लाखांच्या आसपास लोक गेले. बिहार, उत्तर प्रदेश, तामिळ आणि तेलुगू मुलुख यांच्याबरोबर त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे ही माणसे जहाजातून उतरली, आज जागतिक वारसास्थळ आहे. श्रीलंकेत आधी कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांवर तामिळ मजूर गेले. काम सारखेच, हाल सारखेच.

१९४८ मध्ये मॉरिशसमध्ये नव्या घटनेखाली निवडणूक झाली. ज्याला कोणत्याही भाषेत आपले नाव लिहिता येते, त्याला मत मिळाले. बासदेव बिसूनदयाल यांच्या चळवळीने वस्त्यावस्त्यांवर वर्ग घेऊन मजुरांना सही करायला शिकवले होते. मळ्यातल्या माणसांनी आपली माणसे निवडून दिली. वीस वर्षांनी देश स्वतंत्र झाला, तेव्हा पंतप्रधान झाले शिवसागर रामगुलाम, बिहारमधून आलेल्या करारबद्ध मजुराचे पुत्र. पेन्शन आणि शाळा मजुरांच्या मतांवर उभ्या राहिल्या, म्हणून त्या टिकल्या.

त्याच १९४८ मध्ये, स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते, तेव्हा श्रीलंकेच्या संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला आणि चहामळ्यांतल्या सुमारे सात लाख तामिळ मजुरांना कोणत्याच देशाचे ठेवले नाही. पुढच्या वर्षी त्यांचे मतही गेले. १९६४ चा शास्त्री-सिरिमावो करार, १९७४ चा इंदिरा-सिरिमावो करार, लाखोंची भारतात पाठवणी, आणि उरलेल्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न मिटायला २००३ उजाडले. १९५६ मध्ये सिंहली हीच राजभाषा असा कायदा आला. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले, १९८३ मध्ये कोलंबोत तामिळांची कत्तल झाली आणि २००९ पर्यंत युद्ध चालले. त्यात ऐंशी हजार ते एक लाख माणसे मेली असे अंदाज आहेत. युद्धावर जो पैसा गेला, तोही फुकट वाटपाच्या हिशोबात कुणी धरत नाही.

श्रीलंकेचा दवाखाना तिच्या ऐपतीपेक्षा चांगला आहे. पण चहा तोडणाऱ्या बाईला पन्नासहून अधिक वर्षे त्या देशात नागरिक म्हणून उभे राहता आले नाही. जगण्याचा दर्जा मोजताना माझ्या लेखी हे दरडोई उत्पन्नापेक्षा मोठे आहे. मॉरिशसमध्ये मराठी वंशाचे लोक दोनेक टक्केच आहेत, तरी गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते आणि मराठी शाळेत शिकवली जाते. एप्रिल २०२३ मध्ये आपले तेव्हाचे उपमुख्यमंत्री तिथे जाऊन छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करून आले. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण उसाच्या मळ्यातल्या मजुराची नातवंडे डॉक्टर आणि अधिकारी कशी झाली, हेही कुणीतरी तिथून समजून घेऊन यायला हवे होते.

मॉरिशसही निर्दोष नाही. तिथली बरीच जमीन अजून जुन्या साखर घराण्यांकडे आहे. त्या देशाच्या संपत्तीत भारताच्या बुडालेल्या कराचाही वाटा आहे: १९८२ च्या दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा फायदा घेऊन कंपन्या मॉरिशसमार्गे भारतात पैसा आणत आणि नफ्यावर कर न भरता नेत, ही वाट २०१६ च्या दुरुस्तीने अडवली गेली. पेन्शनचा भारही मॉरिशसला जाणवतो आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात पेन्शनचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याचे ठरले आणि लोक रस्त्यावर आले. पण पेन्शन नको, असे तिथे कुणी म्हटले नाही. किती, कोणत्या वयापासून आणि कोणत्या पैशातून, यावर वाद झाला. असाच वाद आपल्याकडे व्हायला हवा.

कारण मॉरिशस आपल्याला वाटतो तितका दूरचा दाखला नाही. त्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची होती पावणेबारा लाख. क्षेत्रफळात तो देश आपल्या जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या एका दमात घेतल्या आणि देशभर नाव झाले. दरडोई उत्पन्नाने मोजले तर ते सुखाचे शहर ठरले असते. त्याच शहरात पुंडलिकनगरला जलकुंभ असूनही नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याचे उन्हाळे लोकांनी काढले आहेत. पन्नास किलोमीटरच्या आत जायकवाडीचा नाथसागर आहे. २०१९ मध्ये १६८० कोटींची म्हणून मंजूर झालेली पाणी योजना २७४० कोटींवर गेली. या भागातली बाई पाणीपट्टीही भरते आणि टँकरचे पैसेही देते. पाणी तिला कुणी फुकट दिलेले नाही, तरीही आमच्या चर्चेत राज्य बुडवण्याचा आरोप लाडकी बहीण योजनेतल्या तिच्या पंधराशे रुपयांवर येतो.

लाडकी बहीण योजनेवर माझाही आक्षेप आहे. २०२५-२६ साठी तिला ३६ हजार कोटींची तरतूद झाली आणि राज्याचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेले. या खर्चासाठी कोणता नवा कर, कुणावर, हे कुणी सांगितले नाही. पंधराशे रुपयांत नर्स येत नाही, शिक्षक येत नाही, पाणी येत नाही. पण ज्या २०२२ मध्ये श्रीलंकेची भीती घातली जात होती, त्याच वर्षी राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवून त्या एकत्र करण्याची भाषा सुरू झाली. श्रीलंकेचे नाव घेऊन काटकसर सुरू होते ती नेहमी वस्तीवरच्या शाळेपासून, हे लक्षात घ्या.

आणि बेटांकडे बोट दाखवण्याआधी महाराष्ट्राने स्वतः काय केले होते, तेही आठवा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसे खडी फोडायला गेली, ती सरकारी दुष्काळी कामांवर. वि. स. पागे यांनी रोजगार हमी योजना उभी केली आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. मागेल त्याला काम हा हक्क झाला; पाझर तलाव, नाला बांध, रस्ते झाले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हाच नमुना घेतला. या योजनेचा पैसा कुठून आला? १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर आणला आणि शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दुष्काळी गावातल्या मजुरीची सोय केली. सरकारने त्यात आपली भर घातली. आधी वसुलीची तजवीज, मग हक्काचा कायदा: मॉरिशसने साखरेवर जे केले, ते आपण पगारावर केले होते आणि त्याने राज्य बुडाले नाही.

पुंडलिकनगरातल्या माझ्या नोकरदार आणि पेन्शनर मित्रांना विनंती आहे. पुढच्या वेळी कुणी श्रीलंकेचे नाव घेतले, की त्यांना २०१९ ची करकपात विचारा आणि मॉरिशसचा कर महसूल विचारा. आणि घरातले जुने पगारपत्रक काढून बघा. त्यात कपातीच्या रकान्यात व्यवसाय कर म्हणून महिन्याला दोनशे रुपये दिसतील. तो कर रोजगार हमीसाठी लागू झाला होता.